सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन वाजतं? आधी आवाज ओळखा, मग ऑइलचा ग्रेड ठरवा

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास एकेक गाडी सुरू होते, आणि कुणाची ते आवाजावरून घरात बसून सांगता येतं. एक खर्रर्र करून दोन सेकंदांत शांत होते. दुसरीची टिकटिक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. डिझेलवाल्यांची ठकठक तर सवयीचीच. यातले बरेचसे आवाज निरुपद्रवी असतात, काहींकडे लगेच बघावं लागतं. पण गावभर दोन्हींवर औषध एकच सांगतात: "मोटा तेल डलवा लो, आवाज़ दब जाएगी."

हा सल्ला मला खटकतो. जाड ऑइलने आवाज दबतो तो बहुधा गरम इंजिनाचा. थंड इंजिनाचा आवाज त्याने उलट लांबतो. समोरच्या वाड्यातल्या नानांच्या अकरा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत दोन हिवाळ्यांपूर्वी हेच झालं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेलं, गॅरेजमध्ये घातलं त्याहून बरंच जाड २०डब्ल्यू-५०. आधी दीड-दोन सेकंद वाजणारी टायमिंग चेन (क्रँकच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणारी साखळी) मग पाच-सहा सेकंद वाजायला लागली. शेवटी दोष निघाला ऑइल फिल्टरमधल्या रबरी झडपेत. योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर घातल्यावर आवाज सेकंदाच्या आत आला, पण तोवर एका ऑइलचे पैसे वाया गेले होते. तेव्हा नानांबरोबर बसून जे एकेक करून तपासलं, तेच इथे क्रमाने लिहितो.

पायरी १: आवाज टिपून ठेवा

गाडी रात्रभर, निदान सात-आठ तास, उभी राहिलेली हवी. दुपारी बाजारातून आल्यावर तासाभराने केलेली परीक्षा उपयोगाची नाही, कारण वरच्या भागातलं ऑइल तोवर पुरतं खाली उतरलेलं नसतं आणि इंजिनही कोमट असतं.

सकाळी बॉनेट उघडा, मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि घरातल्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. रेकॉर्डिंग स्टार्टरच्या आधीपासून किमान दोन मिनिटं चालू ठेवा. असं तीन सकाळी करा. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवा: बाहेरचं तापमान, आवाज किती सेकंद टिकला, बॉनेटखाली कोणत्या बाजूने आला, आणि डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा किती वेळात विझला. मोबाइलचा माइक काही आवाज फुगवून दाखवतो, म्हणून कानाने ऐकलेलंही वेगळं लिहा. हात, मफलर, ओढणी, स्वेटरची बाही फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा. थंडीच्या कपड्यांत हा धोका खरा आहे.

हा व्हिडिओ पुढे दोनदा कामाला येतो. एकदा निदानाला, एकदा ऑइल बदलल्यावर तुलनेला.

पायरी २: डिपस्टिक काढा, स्टार्ट करण्याआधीच

लष्करातल्या कितीतरी गल्ल्या उताराच्या आहेत. तिथे उभ्या गाडीची डिपस्टिक खोटं सांगते. आदल्या रात्रीच सपाट जागी लावा. सकाळी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग वाचा. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी ऑइल भरा. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर लिटरभराच्या आसपास असतं, म्हणून पाव-पाव लिटर घालत, थांबून बघत भरा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका.

मग ऑइलचा वास घ्या. महाराज बाड्याच्या बाजारापर्यंत जायचं, भाजी घ्यायची, परत यायचं अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हिवाळ्यात इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं, त्यातलं थोडं न जळता ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा न भरता पातळी वर चढत असेल, तर ग्रेड कोणताही असो, ते ऑइल बदलायचं. ऑइल कॅपच्या आतल्या बाजूला दुधी मलई दिसली तर घाबरू नका. छोट्या फेऱ्यांत साठलेल्या ओलाव्याने ती येते आणि शिवपुरी रस्त्याला तासभर गाडी चालवली की बहुधा जाते. मात्र डिपस्टिकवरचं ऑइलच दुधी झालं असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर ते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, गेल्याचं लक्षण आहे. ती गाडी चालवू नका.

पायरी ३: आवाज ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ऑइलचा निर्णय याच पायरीवर ठरतो.

स्टार्ट होताच एक-दोन सेकंद खर्रर्र, साखळी पत्र्यावर घासल्यासारखं, आणि मग एकदम शांत: ही बहुधा टायमिंग चेन. चेन ताणून धरणारा टेन्शनर कित्येक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रीत त्यातलं ऑइल झिरपतं, सकाळी दाब येईपर्यंत चेन ढिली असते. सेकंदभराचा आवाज जुन्या गाडीत चालून जातो. तीन सेकंदांच्या वर गेला, दर महिन्याला वाढत गेला किंवा गरम झाल्यावरही येऊ लागला, तर चेन लांबलेली असू शकते किंवा टेन्शनर थकलेला. चेनने दात सोडला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च काही पटींनी वाढतो. तिथे ऑइलचे प्रयोग करत बसू नका, चेन तपासा.

मात्र त्याआधी फिल्टर बघा. स्पिन-ऑन फिल्टरमध्ये, म्हणजे डब्यासारख्या गोल फिल्टरमध्ये, ऑइल परत खाली वाहू नये म्हणून एक रबरी झडप असते. आडव्या किंवा उलट्या बसवलेल्या फिल्टरमध्ये सगळी भिस्त तिच्यावरच असते. ती कडक झाली की फिल्टर रात्रीत रिकामा होतो. मग सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो आणि चेनपर्यंत दाब उशिरा पोहोचतो. नानांच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

वरच्या झाकणाखालून बारीक, जलद टिकटिक, शिवणयंत्रासारखी: हा टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा, आवाज. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात. रात्रीत त्यांतलं ऑइल उतरतं, सकाळी ते भरेपर्यंत टिकटिक होते आणि काही सेकंदांत, कधी मिनिटभरात, थांबते. रेस केल्यावर टिकटिकीचा वेग वाढतो, पण चेनसारखी खरखर त्यात नसते. दुसऱ्या प्रकारच्या इंजिनांत टॅपेटचं अंतर स्क्रूने किंवा शिमने (पातळ चकतीने) ठरवतात. त्यांची हलकी टिकटिक थंड असो की गरम, कायमच असते. ती वाढली असेल तर फीलर गेजने अंतर मोजून घ्या. ऑइलने ते सुधारत नाही.

सीएनजीवाल्यांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट झिजली की टॅपेटचं अंतर कमी होत जातं आणि इंजिन उलट शांत होतं. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तापतो आणि जळतो. म्हणून सीएनजी गाडीत टॅपेट वाजत नाहीत यावर समाधान मानू नका. मॅन्युअलमधल्या किलोमीटरला अंतर तपासून घ्या.

पोकळ, लाकडावर ठोकल्यासारखी ठकठक, पहिली दोन-चार मिनिटं, आणि तापमान चढेल तशी विरत जाणारी: ही पिस्टनची. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची भिंत बऱ्याच इंजिनांत ओतीव लोखंडाची. ॲल्युमिनियम साधारण दुप्पट प्रसरण पावतं. थंडीत पिस्टन आकसलेला असतो, थोडा डुलतो आणि भिंतीला लागतो. तापला की बसतो. जास्त चाललेल्या इंजिनात हा आवाज वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. ऑइल खात नसेल, धूर नसेल, तर त्यासाठी इंजिन उघडायची गरज नाही.

खालून येणारा जड, खोल ठोका, जो गरम झाल्यावर कमी न होता वाढतो आणि चढावर किंवा रेस केल्यावर जोर धरतो: हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. ऑइलचा दिवा तीन-चार सेकंदांत विझत नसेल किंवा चालताना लागत असेल, तरीही हेच करा.

आणखी दोन आवाज लोकांना फसवतात. धुक्याच्या सकाळी येणारी किंकाळी पट्ट्याची असते. इंजिन बंद असताना पट्ट्याच्या दात्यांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपडा आणि मग सुरू करा. किंकाळी क्षणभर बदलली तर पट्टा किंवा त्याचा ताण तपासा. टॅपेटसारखी टिकटिक, पण एक्झॉस्टच्या बाजूने आणि सोबत जळका वास, असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून तोही "गरम झाल्यावर जातो". ऑइल बदलून या दोन्हींत काहीच फरक पडत नाही.

डिझेलची थंडीतली ठकठक निराळी. थंड हवेत इंधन फवारल्यावर पेट घ्यायला उशीर होतो, तोवर साठलेलं इंधन एकदम पेटतं, म्हणून ठोका बसतो. ग्लो प्लगचा (स्टार्टआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबून स्टार्टर मारा. तरीही जोरात वाजून पांढरा धूर येत असेल तर ग्लो प्लग तपासा.

पायरी ४: डब्यावरचे आकडे नीट समजून घ्या

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. ऑइलचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकात डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतल्या चाचणीवरून ठरतो. ५डब्ल्यू ऑइलची जाडी उणे ३० अंशांना ६६०० सेंटिपॉइजच्या (जाडी मोजायचं एकक) आत असावी लागते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना ९५०० च्या आत. दुसरा आकडा १०० अंशांवरचा: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हेही जाडीचंच एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९.

"थंडीत पातळ आणि गरमीत जाड होणारं ऑइल" असं पुष्कळदा ऐकू येतं. तसं कोणतंही ऑइल होत नाही. प्रत्येक ऑइल थंडीत जाड आणि गरम झाल्यावर पातळ होतं. मल्टिग्रेडमध्ये, म्हणजे अशा दोन आकड्यांच्या ऑइलमध्ये, हा फरक कमी असतो, एवढंच.

उणे १५ सुद्धा ग्वाल्हेरला कधी होत नाही, म्हणजे इथे कोणतंही ऑइल गोठून बसणार नाही. मग पहिला आकडा बघायचा कशाला? ऑइल कंपन्यांच्या नेहमीच्या डेटा शीटवरचे ४० आणि १०० अंशांचे आकडे घेऊन ५ अंशांना किती जाडी येते याचा हिशेब मांडला. ०डब्ल्यू-२० साधारण २५०, ५डब्ल्यू-३० साधारण ४००, १५डब्ल्यू-४० साधारण ९०० आणि २०डब्ल्यू-५० साधारण १६०० सेंटिस्टोक. ब्रँडप्रमाणे आकडे थोडे हलतील, पण प्रमाण हेच राहतं. म्हणजे नानांच्या इंजिनात त्या सकाळी हवं त्याच्या चौपट जाड ऑइल होतं.

इतकं जाड ऑइल पंप करताना मीटरवर दाब भरपूर दिसतो आणि त्यालाच लोक भुलतात. पण दाब ठरावीक मर्यादेला पोचला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल बारीक वाटांनी पुढे जाण्याऐवजी परत मागे वळतं. फिल्टरचा बायपासही उघडू शकतो, मग न गाळलेलं ऑइल फिरतं. टेन्शनर आणि हायड्रॉलिक टॅपेट भरायला वेळ लागतो तो यामुळे. ज्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबाने बदलतं, तिथे चुकीच्या जाडीने चेक इंजिनचा दिवाही लागू शकतो.

मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तरी जाड ऑइल नको का, असं नाना विचारत होते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा नव्वद अंशांच्या आसपास राखतात. बाहेर पाच असो वा पंचेचाळीस, तापलेल्या इंजिनातलं ऑइल नेहमीच्या चालवण्यात जवळपास त्याच टप्प्यात असतं. बदलतो तो सकाळचा स्टार्ट. मोटरसायकलची गोष्ट वेगळी आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात उन्हाळा थेट ऑइलपर्यंत पोचतो, म्हणून तिथे जाड ग्रेड सांगितलेले दिसतात. आणि गिअरच्या मोटरसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक) हवं. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.

पायरी ५: ग्रेड ठरवा

मॅन्युअल उघडा. हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर मिळतं. बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या झाकणावरही ग्रेड कोरलेला असतो. आजच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२०, काहींना ०डब्ल्यू-१६ सुद्धा चालतं. ही इंजिनं त्या पातळ ऑइलसाठीच घडवलेली असतात. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात सवलत साधून नवी गाडी घेणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यांनी पहिल्या सर्व्हिसपासूनच बिलावर ग्रेड लिहून मागावा.

मॅन्युअलमध्ये तापमानाची पट्टी असून दोन-तीन ग्रेड दिलेले असतील, तर थंड स्टार्टच्या आवाजासाठी पहिला आकडा खाली आणा आणि दुसरा तसाच ठेवा. १०डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० च्या जागी ५डब्ल्यू-४०. दुसरा आकडा एक पायरी वाढवायचा तो एवढ्यासाठीच: इंजिन खूप चाललेलं आहे, ऑइल खातं, गरम झाल्यावर दाब कमी येतो, आणि मॅन्युअल त्या ग्रेडला परवानगी देतं. दोन पायऱ्या एकदम कधीच नाही.

ग्रेडइतकंच स्पेसिफिकेशन महत्त्वाचं. पेट्रोलसाठी एपीआय या अमेरिकी संस्थेची एसपी ही श्रेणी २०२० मध्ये आली. ती एसएन, एसएम अशा आधीच्या श्रेणींच्या जागी चालते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच घाला, नाहीतर तो फिल्टर राखेने लवकर भरतो. आवाज बंद करणाऱ्या ॲडिटिव्हच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. त्यांतल्या बऱ्याचशा ऑइल जाडच करतात. डबा ओळखीच्या दुकानातून घ्या, सील बघा, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही.

पायरी ६: ऑइल आणि फिल्टर बदला

स्वतः करणार असाल तर पाच-सात मिनिटं गाडी चालवून ऑइल कोमट करा, हात भाजेल इतकं नाही. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड, आणि गाडीखाली नुसता जॅक नाही, स्टँड लावलेले. ड्रेन बोल्ट काढून पंधरा मिनिटं निथळू द्या. बोल्टचा वॉशर नवा घाला. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटलेली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला ऑइल लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. फिल्टर बरा दिसतो म्हणून तोच ठेवणं इथे नडतं, कारण रात्रीत ऑइल धरून ठेवणारी झडप त्यातच असते.

मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, मिनिटभर सुरू करा, गळती बघा, दहा मिनिटं थांबून डिपस्टिकवर पातळी पूर्ण करा. काढलेलं ऑइल नाल्यात ओतू नका. लष्करातले नाले स्वर्णरेखा नदीला मिळतात. बंद डब्यात भरून ऑइल बदलणाऱ्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते पुनर्वापराला जातं.

पायरी ७: तीन सकाळी पुन्हा ऐका

पुन्हा तसेच व्हिडिओ, साधारण त्याच तापमानाला. जुन्या व्हिडिओशेजारी लावून सेकंद मोजा. सुरू केल्यावर वीस-तीस सेकंद थांबा आणि हळू निघा. उभ्याने दहा मिनिटं तापवत बसल्याने पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. तापमानाचा काटा मधोमध आला तरी ऑइल त्याच्या मागेच असतं, म्हणून पहिले सात-आठ किलोमीटर रेस कमी ठेवा. त्यात किल्ल्याकडच्या उरवाई घाटीचा चढ येत असेल तर खालच्या गिअरमध्ये, जोर न लावता चढा.

आवाज तसाच राहिला तर व्हिडिओ घेऊन मेकॅनिककडे जा आणि गाडी रात्रभर तिथेच ठेवा, म्हणजे तो थंड स्टार्ट स्वतः ऐकेल. नुसतं "आवाज आ रही है" म्हणू नका. "पाच डिग्री में, स्टार्ट होते ही चार सेकंड, चेन वाली साइड से, नए फिल्टर के बाद भी" असं सांगा, आणि ऑइलचा ग्रेड न बदलता आधी टेन्शनर बघायला लावा.